डिकीतली गुणगुण

मास्तरीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि तिच्या गाडीत दोन नियम होते. पहिला, रेडिओ बंद. शिकणारा कितीही मोठा साहेब असो, बसल्या बसल्या त्याचा हात बटणाकडे गेला की ती सांगायची, गिअर कानांनी बदलायचा असतो, कधी बदलायचा ते इंजिन सांगतं, आधी त्याचं ऐका. दुसरा नियम तिनं स्वतःसाठी केला होता. तिच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता. तो दाबला की ती दर वेळी मोठ्यानं म्हणायची, "मी दाबला." नाहीतर गाडी आपल्याच हुशारीनं थांबली असं समजून माणूस खूश होतो, आणि पुढच्या वळणावर कुणाच्या तरी फाटकात घुसतो.

अशा बाईनं एका रात्री जेवताना जाहीर केलं की मला माझ्या गाडीच्या डिकीत सबवूफर, तो बेसचा मोठा स्पीकर, बसवून हवाय. तिच्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासरे समोर बसून डाव्या हातानं चमचा चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त चमचा थांबला.

सासऱ्यांचा सगळा जन्म गाड्यांमध्ये स्पीकर बसवण्यात गेला होता. दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी शहरात कुठंही वाजत असली तरी ते ओळखायचे. लग्न होऊन ती या घरात आली त्या आठवड्यातच दोघांची पहिली जुंपली. तुमच्या गिऱ्हाइकांना मागून आलेली अँब्युलन्स ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. तुझे विद्यार्थी माझ्या दुकानाची पायरी फोडून जातात, असं ते म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. तेव्हापासून चहाच्या वेळी रोज एक तरी खडाजंगी ठरलेली. नवरा त्यात पडायचा नाही. तो दवाखान्यात एक्स-रे काढायचा, आणि म्हणायचा की माणसांच्या आत काय चाललंय ते बघायचे मला पैसे मिळतात, घरी फुकट कशाला बघू?

मग गेल्या वर्षी सासऱ्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ लवकर परतली, पाय काठीच्या आधारानं परतला, उजवा हात मात्र अर्धाच परतला. बोटं हलायची, पण त्यांना फारसं काही कळायचं नाही. कप गरम आहे की गार ते बघायला ते डावा हात लावायचे. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. आणि घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सगळे सासऱ्यांचं कौतुक करू लागले. शर्टाचं एक बटण लावलं, वा! पायरी चढले, शाब्बास! व्यायाम घ्यायला येणारी ताई तर टाळ्याच वाजवायची. मास्तरणीनंही भांडणं सोडली. आजारी माणसाशी काय भांडायचं? सासरे सगळ्यांचं कौतुक ऐकून घ्यायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं की हात वापरात राहिला पाहिजे, नाहीतर आलंय तेवढंही जाईल. ताईनं दिलेला रबरी चेंडू सासऱ्यांनी खणात टाकून दिला. हत्यारांची पेटी त्यांनी स्वतःच पायानं ढकलत पलंगाखाली घातली होती, आणि ती पेटी तिथं गेल्यापासून मास्तरणीला त्या खोलीत झाडू मारणं जिवावर यायचं. दुकानातला एकच माल घरी उरला होता, ऍम्प्लिफायर आतच असलेली बेसची एक पेटी, खोक्यातून कधी न काढलेली. ती बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कुंडी ठेवलेली होती. एक दिवस कुंडीला पाणी घालताना मास्तरणीच्या डोक्यात ही युक्ती आली.

"तुला? आणि बेस?" सासऱ्यांनी अखेर विचारलं.

रिकाम्या फेरीत कंटाळा येतो हो, असं काहीतरी ती बोलली. ते परत चमचा चालवू लागले. ही बाई माझ्यावर उपकार करतेय हे त्यांना कळलं नसेल असं समजायला मास्तरीण काही खुळी नव्हती. पण सकाळी ती उठली तेव्हा हत्यारांची पेटी पलंगाखालून बाहेर आली होती.

रविवारी मास्तरणीला सुट्टी असायची, त्या दिवशी अंगणात काम सुरू झालं. मागतील तेवढंच द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं. सासरे डाव्या हातानं काम करायचे आणि उजवा हात पेपरवेटासारखा वापरायचे, वायर दाबून धरायला. बॅटरीपासून जाड लाल वायर निघाली, तिला सुरुवातीलाच फ्यूज बसला. ती वायर दारांच्या खालून, पट्ट्यांच्या आतून गाडीच्या एका कडेनं मागं गेली. गाण्याची वायर मुद्दाम दुसऱ्या कडेनं. दोघींना शेजारी झोपवलं की रात्रभर कुरबूर करतात, असं सासरे म्हणाले. त्या वर्षभरात त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला विनोद होता, आणि मास्तरणीला हसताना पाठ फिरवावी लागली, कारण डोळे भरून आले होते.

शेवटी राहिलं अर्थिंग. डिकीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, अस्तराखाली, गाडीच्या पत्र्याला एका बोल्टनं काळी वायर जोडायची होती. त्याआधी तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा करावा लागतो, नाहीतर वायर नुसती रंगावर बसते आणि इंजिनाचा आवाज स्पीकरात शिरतो. त्या कोपऱ्यात डोकं जात नाही, डोळा पोचत नाही. पण सासऱ्यांना बघायची गरज कधी पडलीच नव्हती. ते बोट फिरवायचे. दुकान होतं तोवर प्रत्येक गाडीत त्यांनी असंच केलं होतं. आताही त्यांनी घासलं, उजव्या हाताचं पहिलं बोट आत घालून फिरवलं, आणि म्हणाले, "झालं." मग बोल्ट आवळला.

बेसची पेटी डिकीत पट्ट्यानं बांधली, गाणं लावलं, आणि डिकीचं झाकण आतून कुणी थोपटावं तसं थरथरलं. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. ताई तेवढ्यात आली होती, तिनंही वाजवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकून वाजवू लागल्या, आणि मास्तरणीनंही वाजवल्या. सासरे काहीतरी म्हणणार होते, त्यांचा हात किल्लीकडे गेला होता. पण नवऱ्यानं त्यांचा दंड धरला, बाबा, दमलात, चला आत, असं म्हणत त्यांना घरात नेलं. त्या दिवशी ते दोन वाट्या भात जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या विद्यार्थ्याकडे जाताना मास्तरणीनं स्वतःचा नियम मोडून रेडिओ लावला. गाण्याच्या खालून एक गुणगुण येत होती. तिनं आवाज बारीक केला तरी गुणगुण तेवढीच. ऍक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सोडला की खाली यायची. गाडीत माशी शिरली असावी आणि इंजिनाच्या तालावर उडत असावी, तसं. तिला सगळा उलगडा झाला. काल गाणं वाजलं ते इंजिन बंद असताना. इंजिन चालू करून बघायचं राहिलं होतं, सासऱ्यांचा हात किल्लीकडे गेला होता तो त्यासाठीच, आणि आपण सगळे टाळ्या वाजवत बसलो होतो.

रेडिओ बंद केला की गुणगुणही बंद. म्हणजे लपवायला अगदी सोपं. तिच्या गाडीत तसाही कोण रेडिओ लावतंय? संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा सासरे दाराशीच बसले होते.

"वाजवलंस?"

"मस्त," ती म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. त्यांनी विचारायचं, तिनं मस्त म्हणायचं. दिवसभर लोकांना नीट ऐका म्हणून कानीकपाळी ओरडणारी बाई संध्याकाळी स्वतः काय ऐकलं त्याबद्दल सरळ थाप मारायची. पण प्रत्येक थापेमागं घरात काहीतरी बरं घडत होतं. चेंडू खणातून बाहेर आला. शर्टाची बटणं लागू लागली, तीही कुणी बघत नसताना. पेपर उशिरा टाकणाऱ्याला सासऱ्यांनी दारात उभं करून झापलं, आणि आतल्या खोलीत नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसले. अशी खुशी पैसे देऊन मिळत नाही, मास्तरणीनं स्वतःला समजावलं. एक खोटं त्यापुढं काय मोठं?

आणि मग बेकरीवाला आला. तो दुकानाचं जुनं गिऱ्हाईक होता. नवी व्हॅन घेतली होती, आणि तुम्ही परत काम सुरू केलंत असं कळलं, म्हणाला. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला माझं मन होत नाही, तुमच्या सवडीनं करा, पण तुम्हीच करा. सासऱ्यांनी थोडे आढेवेढे घेतले, तेही केवळ शोभेसाठी. गुरुवारी ये, असं सांगून टाकलं. बेकरीवाला गेल्यावर ते हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन एकेक पाना फडक्यानं पुसत बसले.

मास्तरणीला पुढचं सगळं दिसू लागलं. ती व्हॅनही गुणगुणणार. बेकरीवाला भला माणूस, तो सासऱ्यांना एका शब्दानं बोलणार नाही. गुपचूप दुसऱ्या दुकानात जाईल. तिथं ती डिकी उघडली जाईल, आणि म्हाताऱ्याचा हात गेला ही बातमी या धंद्यातल्या सगळ्यांना कळेल. सासऱ्यांना ती शेवटी परक्याच्या तोंडून कळेल. आणि आपण आधीच सांगितलं तर? तर हत्यारांची पेटी परत पलंगाखाली जाईल, आणि या वेळी कायमची. तिला दुसरं काहीच सुचेना.

नाही म्हणायला एक वाट होती. दुपारी ती ज्या मोकळ्या मैदानात लोकांना रिव्हर्स शिकवायची तिथं तिनं गाडी उभी केली, हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला पॉलिश पेपर काढला, डिकी उघडली, अस्तर सोडवलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून डोकं आत खुपसलं.

आत बघून ती जराशी थांबलीच. वायरी कशा सरळ गेल्या होत्या! ठरावीक अंतरावर एकेक प्लॅस्टिकची पट्टी, प्रत्येक पट्टीचं टोक छाटलेलं, म्हणजे सामान भरताना कुणाच्या हाताला बोचू नये. दीड हातानं केलेलं काम होतं ते. मोबाइल हातात धरून शक्य तेवढा आत नेला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यात तो बोल्ट दिसला. घासल्याच्या खुणा होत्या, पण बोल्टच्या शेजारी, बोटभर बाजूला. वॉशरच्या खाली रंग जसाच्या तसा चकाकत होता.

तिला त्यांचं ते बोट आठवलं, आत जाऊन फिरणारं. त्या बोटाला आता रंग आणि पत्रा सारखेच. कप गरम की गार हे ज्या बोटाला कळत नाही ते विचारल्यावर झालं म्हणेल नाहीतर काय म्हणेल? आणि ज्यानं जन्मभर त्या बोटावर विश्वास ठेवला त्यानं एका दिवसात तो कसा सोडावा?

काम पाच-दहा मिनिटांचं होतं. बोल्ट सोडवायचा, घासायचं, आवळायचं. घरी जाऊन मस्त म्हणायचं आणि या वेळी ते खरंही असेल. तिनं पाना हातात घेतला. मग तिला वाटलं, बाई गं, तू तर ब्रेक दाबतेयस आणि बोलत नाहीयेस. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीचा तुला अभिमान होता तीच तू घरच्या माणसाशी मोडतेयस. विद्यार्थ्यांशी खरं बोलायचं, आणि बाबांना मात्र सगळ्यांनी मिळून मागून ढकलत न्यायचं. तिनं अस्तर परत लावलं आणि पॉलिश पेपर गाडीच्या समोरच्या खणात टाकला.

संध्याकाळी सासरे दाराशी होतेच. त्यांनी विचारायच्या आत तिनं त्यांना हाताला धरून गाडीत आणून बसवलं. गाडी अंगणातच होती. इंजिन चालू केलं असतं तर त्यांनी स्वतःच ओळखलं असतं, त्यांचे कान अजून तिच्यापेक्षा तिखट होते. पण तसं करणं म्हणजे इंजिनाच्या आड लपणं झालं असतं. तिनं किल्लीवरचा हात मागं घेतला.

"बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "ती बेसची पेटी गुणगुणते. बसवली तेव्हापासून."

मग तिनं किल्ली फिरवली, रेडिओ लावला आणि ऍक्सिलरेटर हळूहळू दाबला. गुणगुण चढली. सासऱ्यांनी डोळे मिटले. तिनं पाय सोडला, गुणगुण उतरली.

"अर्थिंग," ते म्हणाले. तिनं इंजिन बंद केलं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, पालथा करून, उताणा करून. "मग रोज मस्त मस्त काय म्हणत होतीस?"

"तुम्ही हत्यारं परत पलंगाखाली घालाल म्हणून."

"आणि मी बेकरीवाल्याच्या गाडीत हेच करून आलो असतो."

काठी शोधत त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तसेच बसून राहिले.

"बाकीच्यांच्या टाळ्यांचं मला काही वाटत नाही," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्यांना बेसमधलं काय कळतं? तू टाळी वाजवलीस ना, ते लागलं. या घरात मला तोंडावर बोलणारं एकच माणूस होतं. मला वाटलं माझा हात गेला तसं तेही गेलं."

ते आत निघून गेले. रात्री जेवायला आले नाहीत, भूक नाही म्हणाले. नवऱ्यानं काय झालं असं विचारलं तेव्हा मास्तरणीला रडूच कोसळलं, आणि एरवी कशात न पडणारा तो माणूस तिच्या शेजारी बसून तिची पाठ चोळत राहिला. झोपायच्या आधी सासऱ्यांच्या खोलीतून हत्यारांची पेटी फरशीवर घासत गेल्याचा आवाज आला. गेली पलंगाखाली, तिनं मनात म्हटलं. पण सांगितल्याचा पश्चात्ताप मात्र तिला काही केल्या होईना, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

सकाळी ती गाडीची किल्ली शोधू लागली तर किल्ली जागेवर नव्हती. अंगणात डिकी उघडी होती. सासरे डिकीच्या काठावर बसले होते, अस्तर सोडवलेलं, पायाशी हत्यारांची पेटी. पॉलिश पेपर त्यांच्या डाव्या हातात होता, तिनंच आणलेला, समोरच्या खणातला. तो त्यांनी तिच्यापुढं नाचवला.

"हे तुझं काय चाललं होतं?"

"मीच घासणार होते. मग नाही घासलं."

"बरं केलंस. तुला घासता येत नाही," ते म्हणाले. "इकडे ये. बोट दे. माझं डावं बोट या कामात अजून शिकाऊ आहे, त्याला हे कळत नाही."

तिला आधी समजलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरून डिकीच्या आत नेलं, त्या कोपऱ्यापर्यंत. बोल्ट त्यांनी सोडवून ठेवलेला होता. रंग असेल तिथं बोट घसरतं, त्यांनी सांगितलं, आणि पत्रा उघडा असेल तिथं बोट जरासं अडतं आणि गार लागतं. आतापर्यंत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. मग त्यांनी स्वतः आत वाकून डाव्या हातानं घासलं आणि बाजूला सरकले.

तिनं बोट फिरवलं. "घसरतंय. नाही झालं."

ते परत वाकले. परत घासलं. तिनं परत बोट फिरवलं. एका बाजूला अडत होतं, दुसऱ्या बाजूला नाही.

"नाही झालं, बाबा. उजवीकडे राहिलंय."

"मघाशी का नाही सांगितलंस उजवीकडे?"

"मघाशी सगळीकडेच राहिलं होतं."

सासऱ्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते काही कौतुक नव्हतं. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, बाह्या वर होत्या, आणि ते भिंतीकडे बघत बसलेले सासरे कुठं दिसत नव्हते. मास्तरणीला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं चौथ्यांदा नाही झालं म्हणताना जरा मोठ्यानंच म्हटलं. पाचव्या खेपेला बोट चहूबाजूंनी अडलं आणि गार लागलं. "झालं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

बोल्ट आवळला गेला. नवरा दात घासत बाहेर आला, डिकीतून गाणं ऐकलं आणि ब्रश तोंडात धरून त्यानं दोन्ही हात वर केले, टाळ्यांसाठी. सासऱ्यांनी त्याला काठी दाखवली. आधी इंजिन, ते म्हणाले. मास्तरीण आत जाऊन बसली, किल्ली फिरवली, ऍक्सिलरेटर हळूहळू दाबला. इंजिन चढलं. गाण्याखाली दुसरं काही नव्हतं. सासरे हात बेसच्या पेटीवर ठेवून उभे होते, डावा हात.

"वाजतंय बरं," ते म्हणाले. "आता ती चाकं सरळ कर. मास्तरीण म्हणवतेस आणि गाडी लावतेस तिरकी."

"तुमच्या काठीला जागा ठेवली म्हणून तिरकी आहे."

"काठीला एवढी जागा लागते? हत्ती जाईल मधून."

तिनं काच खाली करून उत्तर दिलं, त्यांनी त्यावर उत्तर दिलं. वरच्या काकू भांडण ऐकून गॅलरीत आल्या आणि नवरा तोंड धुवायला आत पळाला. वर्षभराचं तुंबलेलं होतं, लवकर संपणार नव्हतं.

चहा पिताना सासऱ्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला. गुरुवारी नको, रविवारी ये, असं त्याला सांगितलं. पलीकडून त्यानं विचारलं असावं की तब्येत बरी आहे ना.

"मी ठणठणीत आहे," सासरे म्हणाले आणि समोर बसलेल्या सुनेकडे बघत त्यांनी कप उजव्या हातानं उचलला, डाव्याचा आधार घेऊन. "पण माझ्या बोटाला रविवारीच सुट्टी असते."